त्यांना कुणी विचारलं का?

"वहिनी, आईला यातलं काही कळता कामा नये हं!"

पुण्याच्या एका मोठ्या इस्पितळाच्या जिन्यात धाकट्या भाऊजींनी मला अडवून हे सांगितलं, तेव्हा २०१२ सालचा फेब्रुवारी चालू होता. आत डॉक्टरांनी ह्यांना आणि भाऊजींना समोर बसवून सगळं समजावलं होतं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. शस्त्रक्रिया होण्यासारखी नाही. पित्ताच्या वाटेत एक बारीकशी नळी बसवली म्हणजे कावीळ उतरेल, पण ते तेवढ्यापुरतंच. फार तर सहा महिने. आणि ज्यांच्याबद्दल हे सगळं बोलणं चाललं होतं त्या माझ्या सासूबाई बाहेर बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. पिशवीत दशम्या होत्या. डॉक्टरांकडे वेळ लागला तर मुलांना भूक लागेल म्हणून!

मी काही बोलले नाही. जिन्यात उभं राहून बोलायची ती गोष्टही नव्हती. पण कऱ्हाडला परत येईपर्यंत गाडीत माझ्या डोळ्यांपुढे सासूबाई नव्हत्याच. तिथं एक वेगळीच बाई होती. १९८१ साली वारलेली.

मी नर्स. सरकारी इस्पितळांत छत्तीस वर्षं काढून २०१५ साली निवृत्त झाले. १९७५ साली जेव्हा नर्सिंगला जायचं म्हटलं, तेव्हा घरात कोण गहजब झाला होता! केईएममधल्या अरुणा शानबाग या नर्सवर तिथल्याच एका सफाई कामगारानं केलेल्या अत्याचाराला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. वडील म्हणाले, "मास्तरीण हो, पण हे नको." आईनं मात्र हट्टानं फॉर्म भरायला लावला. साडेतीन वर्षं शिकले. हातात दिवा धरून शपथ घेतली. ती शपथ फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी लिहिली असं आम्हांला तेव्हा वाटायचं. पुढे कळलं, ती त्यांच्या नावाची आहे इतकंच. लिहिली गेली अमेरिकेत, डेट्रॉइटला, १८९३ साली. रोग्याची गुपितं राखीन, अपायकारक औषध देणार नाही, डॉक्टरांना निष्ठेनं साहाय्य करीन, असं सगळं तीत आहे. रोग्याशी खरं बोलेन, हे मात्र कुठंच नाही. मी पुष्कळ वेळा मनातल्या मनात ती म्हणून पाहिली आहे. नाहीच.

तर ती १९८१ची बाई. जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये मी रात्रपाळीला होते. बाई खेड्यातली, वय पंचेचाळीसच्या आत-बाहेर. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, पार हाताबाहेर गेलेला. नवऱ्यानं डॉक्टरांच्या हातापाया पडून सांगितलेलं, "तिला सांगू नगा सायेब." डॉक्टरांनी आम्हांला तसं बजावलेलं. डॉक्टरांचं काय, राउंडला येतात, पंधरा मिनिटांत वॉर्ड आटपून जातात. रात्रभर त्या खाटांमधून फिरतो आम्ही. रात्री दोन वाजता माणूस जे विचारतं, ते सकाळी दहा वाजता कधीच विचारत नाही.

"शिस्टरबाई, मी बरी हुईन नव्हं?"

"होणार की मावशी! पुढच्या महिन्यात घरी जाल."

किती सहज बोलून गेले मी! वर तिची चादरही नीट केली. तिची एकुलती एक लेक लांब सोलापूरकडे दिलेली, सात महिन्यांची गरोदर. दुसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, पोरीला पत्र टाकू का? तर ही म्हणाली, "कशाला जीवघोर लावता तिला? शिस्टर म्हनल्या, म्हयन्यात सुटनार. मीच जाऊन तिला बाळंतपनाला आनीन." माझ्या देखत म्हणाली. मी तिथंच औषधाचा ट्रे घेऊन उभी होते आणि पुढच्या खाटेकडे वळले.

नवव्या दिवशी ती गेली. लेक आली ती दोन दिवसांनी, आईचं सामान न्यायला. सामान म्हणजे एक पितळी तांब्या, दोन लुगडी. मला म्हणाली, "आईला ठावं हुतं का?" मी म्हटलं, नाही. तिनं तांब्या पदराखाली घेतला आणि एवढंच म्हणाली, "ठावं असतं तर तिनं मला बोलिवलं असतं."

ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

त्यानंतर नोकरीत बऱ्या-वाईट पुष्कळ गोष्टी केल्या. एकदा एका रोग्याचं इंजेक्शन दुसऱ्याला दिलं. पहाटेच्या वेळी कुणी पाहिलं नव्हतं. इनचार्ज सिस्टरना जाऊन सांगेपर्यंत पाय लटपटत होते. रोग्याला काही झालं नाही, मला मेमो मिळाला, आणि तो मेमो मी अजून जपून ठेवला आहे. नळ्या उपसणाऱ्या एका आजोबांचे हात खाटेला बांधायला सांगितले होते, तेव्हा बांधायच्याऐवजी त्यांच्या मुलाला रात्रभर हात धरून बसवलं. मुलगा चिडला, पण बसला. अशा गोष्टी होतच असतात. पण "पुढच्या महिन्यात घरी जाल" हे वाक्य काही पाठ सोडीना. खोटं बोलले याचं वाईट वाटत होतंच. पण त्या खोट्यापायी तिचे नऊ दिवस फुकट गेले, ते जास्त सलत होतं. माणसाचे शेवटचे नऊ दिवस!

म्हणून पुण्याहून परत आल्यावर आठवडाभरानं, सगळे जमले होते त्या रविवारी, मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन सांगून टाकलं. म्हटलं, "मी आपणहून आईंना काही सांगणार नाही. पण त्यांनी मला सरळ विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही."

भाऊजी एकदम उसळले. "वहिनी, तुम्ही तुमचा दवाखाना घरात आणू नका!" वन्सं रडायला लागल्या. हे नेहमीप्रमाणे वर्तमानपत्रात.

भाऊजींचं अगदीच चूक होतं असं म्हणणार नाही मी. त्यांच्या एका मित्राच्या वडिलांना डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं, तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच. अन्न सोडलं. पंधरा दिवसांत गेले. भाऊजींनी ते डोळ्यांनी पाहिलेलं. "आशा हेच औषध असतं, वहिनी," ते म्हणाले. बोलायचं तर मलाही बोलता आलं असतं. २००८ सालीच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे, की शुद्धीवर असलेल्या सज्ञान रोग्याची संमती त्याच्याकडूनच घ्यायची, नातेवाइकांकडून नाही. आणि माहितीच दिली नाही तर संमती कसली? पण घरात आई आजारी असलेल्या माणसाला कायदा सांगू नये. मी चहा टाकायला आत गेले.

नळी बसवली, कावीळ उतरली. "काविळीचाच आजार आहे" असं सगळे त्यांना सांगत होते. तसं ते खोटंही नव्हतं, म्हणून तर इतकं सोयीचं होतं! कुणी कुठल्या गावाहून काविळीचं झाडपाल्याचं औषध आणून दिलं, कुणी पथ्य सांगितलं. सासूबाई निमूट सगळं करीत होत्या. एप्रिलमध्ये कावीळ पुन्हा चढली आणि अंगाला भयंकर खाज सुटली. या आजारात ही खाज माणसाला नको जीव करून सोडते. मैत्रिणींनो, तुमच्या घरी कुणाला अशी खाज असेल तर साबण बंद करा, कोमट पाण्यात मऊ सुती फडकं पिळून अंग टिपून काढा, चोळू नका. नखं बारीक कापून ठेवा, आणि रात्री अंगावर फक्त जुनं धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती पातळ. नायलॉन अजिबात नको. एवढ्यानं खाज जात नाही, पण झोपेचे दोन तास मिळतात.

तशीच एका रात्री मी त्यांची पाठ टिपत होते. दीड वाजला असेल. पाठ माझ्याकडे, तोंड भिंतीकडे.

"काय गं, कावीळ इतके महिने राहते होय?"

मी फडकं पिळलं. काही बोलले नाही.

"तुझी इतकी वर्षं दवाखान्यात गेली. बाकीच्यांचं सोड. तू सांग, मला काय झालंय?"

तुम्हांला वाटेल, ठरवलेलंच होतं, मग काय अवघड? पण माझा हात थरथरत होता. वॉर्डातल्या रोग्याला सांगणं वेगळं, आणि जिच्या हाताखाली एकतीस वर्षं संसार केला तिला सांगणं वेगळं. आम्ही काही मायलेकींसारख्या नव्हतो हो. नाइट ड्यूटीवरून त्यांनी मला खूप बोलून घेतलं होतं. "घरची सून रात्री बाहेर" हे त्यांना कधी रुचलं नाही. पण माझी मुलं त्यांनीच वाढवली, हेही खरं.

मी विचारलं, "तुम्हांला काय वाटतंय, आई?"

ही काही पळवाट नव्हे. माणूस किती जाणून आहे, हे आधी कळलं पाहिजे. नाहीतर त्याला एक घोट हवा असतो आणि आपण हंडा ओततो.

"मला वाटतंय, हे दुखणं काही मला सोडायचं नाही."

"सगळं सांगू? की विचाराल तेवढंच?"

बराच वेळ गेला. बाहेर एक रिक्षा गेली. मग म्हणाल्या, "नाव नको सांगूस. नाव घेतलं की ते घरभर फिरत राहतं. एवढंच सांग, गौरी-गणपती बघेन का मी?"

त्या वर्षी गणपती सप्टेंबरात होते. मी म्हटलं, "कठीण दिसतंय, आई."

त्यांनी कूस बदलली, माझ्याकडे पाहिलं. रडल्या नाहीत. मला वाटलं, आता देवाचं नाव घेतील. तर म्हणाल्या, "मग चिपळूणला आधी जाऊन येऊ. उन्हाळा आहे तोवर. पावसात घाट बंद पडतो."

चिपळूणजवळ त्यांचं माहेर. थोरल्या भावाशी जमिनीवरून बिनसलं होतं, बावीस वर्षं येणं-जाणं नव्हतं. फेब्रुवारीपासून त्या दोनदा म्हणाल्या होत्या, की एकदा दादाला भेटून यावंसं वाटतं. आणि आम्ही सगळे काय म्हणालो होतो? "बऱ्या झालात की जाऊ." मीसुद्धा हेच म्हणाले होते! एकतीस वर्षांपूर्वीचं तेच वाक्य, फक्त वेगळ्या साडीत.

सकाळी मी ह्यांना आणि भाऊजींना सांगितलं. लपवून काय करणार? भाऊजींनी फोनवर जे म्हटलं ते इथं लिहीत नाही. पुढे तीन महिने ते माझ्याशी कामापुरतं बोलले. हे मात्र उठले, गाडीत हवा भरून आणली आणि मागच्या सीटवर गादी बांधली. काही माणसांचं बोलणं असं असतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात निघालो. पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट. मी बरोबर मांडीवर घ्यायचं भांडं, उलटीच्या पिशव्या, गोळ्या, सगळं घेतलेलं. दोनदा थांबावं लागलं. दादामामा अंगणात उभे होते, ऐंशी ओलांडलेले, काठी टेकून. वाटलं, आता गळ्यात गळा घालून रडारड होणार. तसलं काही झालं नाही. मामा म्हणाले, "किती वाळलीस!" आणि गड्याला हाक मारून शहाळं उतरवायला माडावर चढवलं. सासूबाई दोन घोट प्यायल्या. परसात फणस पिकला होता, त्याचा वास घरभर सुटलेला. खायची सोयच नव्हती, पोटात ठरलं नसतं. त्यांनी एक गरा हातात घेतला, बराच वेळ हुंगला आणि मामांच्या नातवाला दिला. रात्री दोघं भावंडं पडवीत बसली होती. जमिनीचा विषय निघाला की नाही, मला माहीत नाही. मी आत भांडी घासायला लागले होते.

परत आल्यावर पाटल्या, बिलवर, कुणाला काय द्यायचं ते त्यांनी स्वतः सांगितलं. मला त्यांनी काय दिलं, ते विचारू नका.

जूनमध्ये गिळणं कमी झालं. वन्सं आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, नाकातून नळी घालून तरी पेज द्या. सलाइन लावा. उपाशी मारायचं का तिला?" शेजारणीही तेच म्हणत होत्या. हा आरोप फार जिव्हारी लागतो. आपल्याकडे माणसाला खाऊ घालणं म्हणजेच त्याच्यावर माया करणं, तेव्हा घास थांबवणं हे पापच वाटतं. मला ठाऊक होतं, की अशा शेवटच्या टप्प्यात शरीरालाच अन्न नको होतं. जबरदस्तीनं घातलेली पेज छातीत जाते, सलाइनचं पाणी अंगावर सूज होऊन बसतं. पण मला ठाऊक असून काय उपयोग? ठरवणारी मी कोण?

त्याच्या आदल्याच वर्षी आमच्या ड्यूटी-रूममध्ये या गोष्टीवर किती वाद झाले होते! अरुणा शानबागचं अन्न थांबवावं, तिला सुटू द्यावं, म्हणून लेखिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. ७ मार्च २०११ला निकाल लागला. न्यायालयानं त्यांच्या हेतूचा आदर केला, पण सांगितलं, की अरुणाच्या वतीनं बोलायचा अधिकार केईएमच्या लोकांचा. कारण इतकी वर्षं तिला त्यांनी सांभाळलं आहे. आणि त्या नर्सेसना तर ती जगायला हवी होती. १९७३पासून, पिढ्यामागून पिढ्या, कुणी शिकाऊ म्हणून आली आणि निवृत्त होऊन गेली, पण अरुणाची कूस बदलायचं चुकलं नाही. खाटेवर पडून असणाऱ्या माणसाला दर दोन तासांनी वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. घरात चार महिने हे करून बघा म्हणजे बेचाळीस वर्षं काय असतात ते समजेल. १८ मे २०१५ला न्यूमोनियानं ती गेली तेव्हा त्या नर्सेस घरचं माणूस गेल्यासारख्या रडल्या.

ड्यूटी-रूममध्ये आमच्यात दोन तट होते. एक म्हणायची, सोडवा तिला. दुसरी म्हणायची, आपण कोण? मी त्या वेळी दुसऱ्या तटात होते. पण वन्सं नळीचं बोलल्या त्या रात्री माझ्या मनात आलं, अरे, अरुणाला विचारता येत नव्हतं. तो तिच्या दुर्दैवाचा भाग. सासूबाई तर समोर पडून आहेत, शुद्धीवर आहेत, आणि आम्ही तिघं-चौघं त्यांच्या उशाशी उभे राहून त्यांच्या नळीबद्दल भांडतोय. त्यांना कुणी विचारलं का?

दुसऱ्या दिवशी भाऊजींना कऱ्हाडला बोलावून घेतलं. सगळे खोलीत असताना, मुद्दाम सगळ्यांच्या देखत, मी विचारलं, "आई, गिळवत नसेल तर नाकातून नळी घालू का? पेज देता येईल. जास्त त्रास झाला तर पुण्याला न्यायचं का?"

त्यांनी एकेकाकडे पाहिलं. आवाज अगदी बारीक झाला होता. "घशात काही घालू नका. आणि मला इथनं हलवू नका." थोड्या वेळानं, "लेकीला म्हणावं, ओठाला तूप लाव."

वन्सं पुढे झाल्या. बोटानं ओठाला तूप लावलं. नंतर शेवटपर्यंत ते काम त्यांनीच केलं. ओल्या कापसानं तोंड पुसायचं, बर्फाचा बारीक खडा जिभेवर ठेवायचा, तूप लावायचं. नळीबद्दल पुन्हा शब्द नाही.

एकेकटीला विचारून नंतर इतरांना सांगितलं असतं, तर कुणी विश्वास ठेवला नसता. बोलता येतंय तोवर विचारावं आणि सगळ्यांसमोर विचारावं, हे मला नोकरीत कुणी शिकवलं नव्हतं. पुढे २०१८च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे लिहून ठेवायचीही सोय केली. शेवटी कोणते उपचार नकोत, आपल्या वतीनं कुणी बोलायचं, हे माणसाला धडधाकट असतानाच लिहून ठेवता येतं. २०२३च्या जानेवारीत त्याची रीतही सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी असला की झालं, पूर्वीसारखं मॅजिस्ट्रेटकडे जायला नको. मी माझं लिहून ठेवलं आहे. ह्यांना कागद आणून दिला, तर "बघू" म्हणाले. तो गेलं वर्षभर टीव्हीखाली आहे.

आता शेवटची रात्र. ती लिहू की नको, असं पुष्कळ दिवस चाललं होतं.

दुखणं कंबरेपासून पोटापर्यंत घट्ट आवळल्यासारखं होतं. मॉर्फिनच्या गोळ्या चालू होत्या. १९८५च्या कायद्यामुळे हे औषध त्या काळी लहान गावांत मिळणं महामुश्कील; हे पुण्याला चकरा मारून आणीत. (२०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन थोडं सोपं झालं.) दर चार तासांनी दहा मिलिग्रॅमची एक गोळी आणि त्याच्या जोडीला पोट साफ होण्याचं औषध. ते विसरलं तर बद्धकोष्ठानं वेगळाच छळ होतो. मी एक दोनशेपानी वही केली होती. वेळ, गोळी, मिनिटाला श्वास किती, काय घेतलं, लघवी किती. सवय हो! बिनवहीची मी रोग्याजवळ बसूच शकत नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यातली ती रात्र. बाहेर पाऊस. दोनची गोळी द्यायची होती. सासूबाई गुंगीत, पण मधूनच कपाळाला आठ्या पडत होत्या आणि कण्हणं चालू होतं. खोलीत आम्ही तिघं. वन्सं माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "वहिनी, दोन द्या. सुटू दे बिचारीला." आणि दाराशी उभे असलेले भाऊजी म्हणाले, "एकही देऊ नका. श्वास किती सावकाश चाललाय बघा. त्यानंच जाईल ती."

दोघांचंही आईवर प्रेम. दोघंही मलाच सांगत होती, कारण गोळी माझ्या हातात.

मी घड्याळ घेऊन बसले. पूर्ण एक मिनिट छाती वर-खाली होताना मोजली. बारा. पुन्हा एक मिनिट मोजली. बाराच. बारा म्हणजे भिण्यासारखं काही नाही. श्वास आठाच्या खाली गेले असते तर मी थांबले असते आणि डॉक्टरांना फोन केला असता. आठ्या होत्या म्हणजे दुखत होतं. मग एकच गोळी घेतली, दोन चमच्यांमध्ये चुरडली, दोन थेंब पाण्यात कालवून गालाच्या आतल्या बाजूला सोडली. वहीत लिहिलं. पाऊण तासानं कपाळ सैल झालं.

एकावर दुसरी दिली नाही, कारण दुखण्याला एकच लागत होती. दुसरी दुखण्यासाठी नसती झाली. आणि एकही दिली नसती, तर माझ्या भीतीपायी त्यांनी रात्रभर सोसलं असतं. हे मला त्या क्षणी इतकं स्वच्छ दिसत होतं, आणि तरी गोळी देताना मी मनात म्हणत होते, की देवा, माझी मोजणी चुकलेली नसू दे.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेअकराला त्या गेल्या. सहाची नि दहाची गोळी मिळाली होती. वन्संचं बोट त्यांच्या ओठावर होतं.

तेरावं झाल्यावर निघताना भाऊजींनी चपला घालता घालता विचारलं, "वहिनी, त्या रात्रीच्या गोळीनं तर नाही ना?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. पटलं की नाही, कळलं नाही. पुढे दहा-बारा वर्षं सणावाराला येणं-जाणं चालू होतं, पण हा विषय कधी निघाला नाही. आणि मीही कधी वही पुढे केली नाही. वाटायचं, मी दाखवायला जाणं म्हणजे माझीच वकिली.

गेल्या दिवाळीत भाऊजी आले होते. आता त्यांचीही सत्तरी जवळ आली. मी फराळाचे डबे भरत होते. बाहेरच्या खोलीतून हाक आली, "वहिनी, ती तुमची वही आहे का हो अजून?"

कपाटातून काढून दिली. चष्मा लावून ते शेवटच्या पानांवर गेले. रात्री दोनच्या नोंदीवर बोट ठेवून बराच वेळ बसले. श्वास बारा, पुन्हा मोजले, बारा. मग मागे मागे पानं उलटत गेले. मेच्या पानावर थांबले.

"हे काय लिहिलंय? काय खाल्लं-प्यायलं त्या रकान्यात, 'शहाळं दोन घोट. फणस, फक्त वास.'"

ते चिपळूणला आले नव्हते ना. मी डबा बाजूला ठेवला, त्यांच्यासमोर बसले आणि पाटणपासून सांगायला सुरुवात केली.